कॅसेटची दुसरी बाजू

आदिलाबादजवळच्या मावल्यात माझ्या शेजारी एक मास्तरीण राहते. तिच्या गळ्यात दोरीला बांधलेला एक पेन ड्राइव्ह असतो, बोटाच्या पेराएवढा. सगळ्या वर्गांचे धडे त्यात, गाणी त्यात, चित्रंही त्यातच. परवा ती मला म्हणाली, "आजी, तुमच्या काळी असलं काही नव्हतं ना?"

मी म्हटलं, "होतं की. फक्त मोठं होतं, आणि गुंतायचं."

तिनंच मग या अंकाच्या संपादकांना सांगितलं की आमच्या शेजारची म्हातारी कॅसेटी घेऊन गावोगाव हिंडायची, तिच्याकडून लिहून घ्या. मी मुधोळच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. तेवढ्या शिक्षणात जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते. नोकरीला कधी लागले, पगार कधी वाढला, निवृत्त कधी झाले, हे सांगत बसत नाही. त्यात ऐकण्यासारखं काही नाही.

काम असं होतं. आदिलाबादेत बायांना शिकवणारी एक संस्था होती. सरकारी धडे तेलुगूत छापून यायचे. चांगले असायचे, पण महाराष्ट्राच्या सरहद्दीकडच्या आमच्या गावांत कापूस वेचणाऱ्या, ज्वारी खुडणाऱ्या बायांना ना तेलुगू वाचता येत होतं, ना मराठी. म्हणून मॅडमनी टेपरेकॉर्डर आणले. मॅडम हैदराबादच्या, तेलुगू बोलणाऱ्या, स्वभावानं सरळ. त्या धड्याचा अर्थ मला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या खुणांनी सांगायच्या, मी तो आपल्या बोलीत मशीनसमोर बोलायची. मग दोन खणांच्या मोठ्या मशीनवर त्याच्या नकला निघायच्या. एक नकल घेऊन मी मुधोळकडच्या गावांत जायची. दुसरी घेऊन माझ्याबरोबर कामाला असलेली सरोजा उटनूर-नार्नूरकडे. गावात देवळाच्या ओट्यावर नाहीतर शाळेच्या पडवीत डबा, म्हणजे तो टेपरेकॉर्डर, ठेवायचा, बाया गोळा करायच्या, धडा वाजवायचा. बस. गावोगाव मला नाव पडलं डब्बेवाली अक्का.

कॅसेटची जात नाजूक. एसटीच्या टपावरच्या पेटीत ठेवली की उन्हानं वाकडी होते. फीत सुटली तर करंगळीनं ओढायची नाही, पेन्सिल घालून हळू फिरवायची. सेल उतरले की बाईचा आवाज बाप्याचा होतो. असे उतरलेले सेल उन्हात वाळत घातले की अजून एक धडा निघतो. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक कान असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, भोकावर चिकटपट्टी लावली तरच येतं. धड्याच्या बाजूचा कान आम्ही मोडायचो, कारण एका गावात पाटलाच्या भाच्यानं जुलाबाच्या धड्यावर आपल्या लग्नाची सनई भरून ठेवली होती. पुढच्या गावात बाया सनई संपायची वाट बघत बसल्या.

जुलाबाचा धडा माझा पहिला. त्यात मी दोन घोळ केले, आणि त्या दोन घोळांवरच पुढची सगळी नोकरी चालली.

पहिला घोळ. मशीनचा लाल दिवा लागला आणि मी बोलायला लागले: "लेकराला हगवण लागली तर उकळून निवलेलं तांब्याभर पाणी घ्यायचं, त्यात इतकी साखर घालायची आणि इतकं मीठ." साखरेसाठी मूठ दाखवली, मिठासाठी तीन बोटं. मशीनला दाखवली. मशीनला काय डोळे आहेत? कॅसेट गावात गेली तेव्हा पहिल्याच गावात एक म्हातारी उठली.

"इतकं म्हंजे कितकं व?"

मी समोर होते म्हणून मूठ दाखवली. पण सरोजाच्या गावांत सरोजालाच ठाऊक नव्हतं. तिथं कोणी वाटीभर मीठ घातलं, लेकरानं थुंकून टाकलं म्हणून निभावलं. त्या गावची एक बाई सरोजाला म्हणाली, "तुले नाही मालूम तर डब्ब्यालेच इचार ना." कॅसेट उलटी केली, दुसरी बाजू कोरी होती, लाल बटण दाबलं आणि तिनं डब्यालाच विचारलं. महिन्याच्या बैठकीत सरोजानं ती बाजू वाजवली. आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आजपासून एक बाजू आपली, एक बाजू त्यांची.

तेव्हापासून तसंच चाललं. आमच्या बाजूला धडा, त्यांच्या बाजूला सवाल. महिन्याच्या शेवटी सगळ्या कॅसेटी दफ्तरात यायच्या, आम्ही ऐकायचो, उत्तरं पुढच्या धड्यात घालायचो, आणि सवाल पुसून कॅसेटी पुन्हा गावांना जायच्या.

दुसरा घोळ त्याच दिवशीचा. धडा संपत आला तेव्हा मॅडमनी हात वर केला आणि म्हणाल्या, "चालु." तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बाजारात मी तो शब्द रोज ऐकायची. पण समोर मशीन, त्याचा लाल दिवा, आणि मशीनच्या बाबतीत चालू म्हणजे चालू. मला वाटलं, बाई थांबू नको म्हणताहेत. त्या पुन्हा म्हणाल्या, "चालु, चालु!" मी घाबरून आणखी जोरात बोलायला लागले. धडा तर संपला होता. मग तोंडाला आलं ते बोलले. "तुम्ही म्हणाल, ही बाई कोण बोलते. मी मुधोळकडची. मला एकच लेक, रुक्मी. तिला दात येत होते तेव्हा अशीच हगवण लागली होती. मला तेव्हा हे पाणी ठाऊक नव्हतं, मी रात्रभर नुसती रडले. तुम्ही रडू नका, पाणी करा."

मॅडमनी शेवटी प्लगच काढला. नंतर कळल्यावर पोट धरून हसल्या. पण तो भाग कापला नाही. गावांतून बाया सांगायला लागल्या, धडा ठीक आहे, पण शेवटचं अक्काचं बोलणं झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. मग प्रत्येक धड्याला ते शेपूट राहिलं. दफ्तरात आम्ही त्याला चालूचा भाग म्हणायचो.

आता रुक्मीचं सांगते, कारण त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

रुक्मीला नार्नूरजवळच्या एका खेड्यात दिली होती. घर चांगलं. जावई सरळ. सासू भागाबाई तोंडानं तिखट, पण घरात कुणाला उपाशी ठेवणारी नव्हे. लग्नानंतर वर्षभरात माझे मालक वारले आणि मी ही नोकरी धरली. नागपंचमीला लेकीला आणायला गेले तर भागाबाई दारातच उभी.

"आमी ऐकलं ते खरं हाये का, इहीनबाई? तुमी डब्बा घेऊन गावोगाव हिंडता म्हने. जत्रेतल्या बायोस्कोपवालीवानी."

मी गप्प बसले असते तर भांडण तिथंच निवलं असतं. पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, "हिंडते. पण तुमच्या दारात जेवायला येत नाही."

"मंग आमची सून बी तुमच्या दारात येनार नाही. जवर हे हिंडनं सुटत नाही तवर नाही."

रुक्मी आत चुलीपाशी होती. तिला ऐकू येत होतं, पण ती बाहेर आली नाही. सुनेनं अशा वेळी बाहेर येऊ नये हे मीच तिला शिकवलं होतं.

नोकरी सोडली असती तर रस्ता उघडला असता. मी सोडली नाही. एक तर मला कोणाच्या ताटाखालचं मांजर व्हायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला काम आवडत होतं. दोन्ही खरं आहे. लेकीपेक्षा डबा मोठा होता का, असं बहीण विचारायची. मी सेल उन्हात घालायला उठायची.

पंचमी गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मुधोळकडच्या गावांत सणाला लेकी यायच्या, आणि त्या मायलेकी शेजारी शेजारी बसून माझा धडा ऐकायच्या. एखादी लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. मी डब्याकडे बघत बसायची. डब्याकडे बघण्यासारखं काही नसतं, नुसती दोन चाकं फिरत असतात.

मग एका बैठकीत सरोजा म्हणाली, "अक्का, माझ्या फेरीत एक नवं गाव आलं." नाव सांगितलं. ते रुक्मीचं गाव.

मी सरोजाला काही सांग म्हटलं नाही. निरोप पोचला आणि सासूला कळलं तर लेकीचंच मरण. पण पुढच्या धड्यापासून माझा आवाज तिच्या गावात जाऊ लागला. डाळीला कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालायचा धडा होता. चालूच्या भागात मी बोलले, "पाला वाळत घातला की माझी लेक त्याच्यावर जाऊन झोपायची. अंगाला कडू वास यायचा, तरी झोपायची." आंबाडीच्या भाजीचा धडा होता, तर तिला ती कशी लागायची ते बोलले. बोलायचं सगळ्या गावांना. पोचवायचं एकीला.

महिन्याच्या शेवटी सरोजाच्या कॅसेटी आल्या की मी आधी त्या गावाची घ्यायची. दुसऱ्या बाजूला किती आवाज असायचे! खोकणाऱ्या बाया, बांगड्या, कोंबडी, कोणाचं तरी लेकरू लाल बटण मागून रडतंय. "अक्का, ज्वारीवर काळं येऊन राह्यलं, काय करू?" "अक्का, तुमी म्हनले हात धुवा, पन साबन नवरा दाढीले घेऊन जाते." सगळ्या बोलायच्या. माझी लेक बोलायची नाही. ती बाजू संपेपर्यंत ऐकायची. पुढे नुसती सर्र आवाजाची कोरी फीत असायची, ती पण ऐकायची. मॅडमनी एकदा विचारलं, त्यात काय आहे? मी म्हटलं, असू शकतो एखादा सवाल मागे राहिलेला.

सरोजाला विचारलं तर म्हणाली, "येते व ती. फुडंच बसते. पन सासू बाजूले असते."

"सासू येते? माझा आवाज ऐकायला?"

"मी इचारलं तिले. म्हने, डब्बा चालते, डब्बेवाली चालत नाही. डब्ब्यानं कोनाचं घोडं मारलं?"

मला हसू आलं. राग यायला हवा होता. पण या बाईशी भांडायला मजा येईल असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

वर्ष असं गेलं. मग एका बैठकीत ती कॅसेट लावली. आधी कोणीतरी लोणच्याचं विचारलं. मग रुक्मीचा आवाज.

"अक्का, माह्या वळखीची एक बाई हाये. तिले सातवा लागला. पयलटकरीन हाये. तिच्या पायाले सूज येऊन राह्यली, आंगठी बी निंगत नाही. तिनं काय कराव?"

एवढंच. मला ती अक्का म्हणाली. पोटची पोर. सगळ्या बाया म्हणतात म्हणून तीही अक्का म्हणाली. ओळखीची बाई कोण ते मला कळलं, आणि सातवा लागला तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं हेही कळलं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्यात ओटी भरून लेकीला आणतात. मी ओटीचा खण घेऊन कुठल्या दारात उभी राहणार होते?

मॅडमना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून मशीन थांबवलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. आत्ता जा."

जाऊन काय करणार? भागाबाईनं दार लावलं तर ती सूज माझ्या भांडणापायी तशीच राहील. पुढचा धडा जायला महिना होता, तेवढं थांबता येत नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, नुसते पाय सुजले तर एक, पण बोटं, तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरात ठेवायची नाही. बाळंतपण दवाखान्यातच. मी ते परत दोनदा म्हणवून घेतलं. दफ्तरात आले आणि त्याच दुपारी मॅडमनी मशीन लावलं.

या वेळी इतकं आणि असं कुठं म्हटलं नाही. पाय कसा दाबून बघायचा, खळगा पडला तर काय समजायचं, कोणत्या खुणांना थांबायचं नाही, उटनूरच्या दवाखान्यात काय सांगायचं, सगळं शब्दांत सांगितलं. मग चालूचा भाग आला. मी म्हटलं, "ज्या बाईची ओळखीची बाई अशी आहे, तिनं हा धडा आपल्या सासूला शेजारी बसवून ऐकावा. सासूबाई, तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका. पण तिचे पाय बघा. माझ्यावरचा राग मागून काढा, मी कुठं पळून जात नाही."

हे सगळ्या गावांना जाणार होतं. सरोजा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कॅसेट घेऊन गेली. मी मुधोळकडे फिरले. बायांना दुसरा धडा हवा होता, पण मी हाच वाजवला. आणि त्या शहाण्या. कोणी मला विचारलं नाही की सासूबाई कोण. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "सांगून टाकलं ते बरं केलं."

ते दिवस मी जेवत होते, झोपत होते, डबा वाजवत होते. आत काय चाललं होतं ते लिहून सांगता येत नाही, आणि आलं असतं तरी लिहिलं नसतं.

सरोजा परत आली ती थेट माझ्या खोलीवर. डबा काढला, कॅसेट उलटी घातली. भागाबाईचा आवाज. तोंड डब्याच्या अगदी जवळ असावं, प्रत्येक शब्दाला फट् फट् वारा.

"इहीनबाई, आख्ख्या जिल्ह्यासमोर सासूले शानपन शिकवता? तुमचा डब्बा यायच्या आधीच मी सुनेले बैलगाडीत घालून नार्नूरले नेलं, अन् तिथून उटनूरले. तिनं काय मलेच नाही सांगितलं काय? डाक्टर म्हने बसचा धक्का नको, माहेरी धाडू नका. मी धाडतच नव्हती, पन आता डाक्टरच म्हनते तं माहा इलाज नाही." इथं मागच्या बाया हसल्या. "चूप बसा व! माहा बोलनं होऊ द्या. हं. इहीनबाई, तुमी सगळ्या जिल्ह्याले सांगता कसं करा, कसं धरा. मंग आपल्या लेकीचं बाळंतपन कराले तुमी सोता येता का तेबी डब्ब्यातूनच करता? डब्ब्यातून लेकरू निंगत नाही. या. डब्बा घेऊन या नाहीतर बिनडब्ब्याच्या या. पन या."

मग खट् करून बटण.

सरोजानं विचारलं, "पुन्हा लावू?" मी म्हटलं, "नको." मग म्हटलं, "लाव."

पुढचं सांगून टाकते म्हणजे कोणी काळजीत राहायला नको. उटनूरच्या दवाखान्यात रुक्मी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. भागाबाई आणि मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून भांडलो आणि एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. पुढे भागाबाई वारली तेव्हा मी मोठ्यानं रडले, ते बऱ्याच जणांना विचित्र वाटलं. रुक्मी आता हैदराबादला लेकीकडे असते. रोज फोनवर तोंड दाखवते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारते. मीही तेवढंच विचारते. तोंड दिसतं म्हणून बोलायला काही राहत नाही की काय, कोण जाणे. भागाबाईच्या आवाजाची ती कॅसेट पुसली गेली. सगळ्याच पुसल्या जायच्या. मॅडम म्हणाल्या होत्या, ठेव तुझ्याकडे. मी परत दिली, कारण पुढच्या महिन्याचा धडा भरायला कॅसेटी कमी होत्या. आता वाटतं ठेवायला हवी होती. वाटून काय करता?

भागाबाईनं बोलावलं म्हणून मी गेले तो दिवस सांगायचा राहिला.

नार्नूरला बसमधून उतरून चालत गेले. दुपार कलली होती. घरी गेले तर घरात कोणी नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, बाया शाळेत. शाळेच्या पडवीत, माझ्या आधीच फेरीला आलेल्या सरोजानं डबा लावला होता. मागल्या महिन्यातला राहिलेला धडा चालला होता, बाळाच्या कपड्यांचा. मी पडवीच्या टोकाला पोचले आणि समोरच्या बाईला म्हटलं, "जरा सरक ग."

तिनं मागे न बघताच मला दटावलं, "चूप व बाई. अक्का बोलून राह्यली."

मी चूप राहिले. सगळ्यांच्या पुढे, डब्यापासून हातभर अंतरावर, रुक्मी बसली होती. पाय लांब केलेले, पाठ भागाबाईच्या गुडघ्याला टेकलेली. पदर खांद्यावरून सुटलेला, वेणी तशीच, मी घालून द्यायची तशी. चेहरा मला दिसत नव्हता. डब्यातून मी बोलत होते, की जुनं लुगडं उकळून घ्या, उन्हात वाळवा, बाळाला नवं कापड टोचतं. आणि रुक्मी मान हलवत होती. डब्यातल्या मला.

डब्यातून मी विचारलं, "समजलं का?" सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "हाव." त्यात तिचा होता. मी तो वेगळा ओळखला.

सरोजानं मला पाहिलं आणि तिचा हात बटणाकडे गेला. मी लांबूनच मान हलवून नको म्हटलं. धडा अजून थोडा राहिला होता, आणि लेक ऐकत होती.